तेलाला उजेड मानवत नाही

वाचकहो, हे सदर वाचावयास बसण्यापूर्वी एक लहानसे काम करावे. उठून स्वयंपाकघरात जावे आणि आपल्या घरातील तेलाची बाटली नेमकी कोठे ठेवलेली आहे, ते पाहून यावे. ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, खिडकीच्या खाली, असे उत्तर आले तर पुढील मजकूर आपल्यासाठीच आहे. त्यातही ती बाटली पांढऱ्या काचेची असून तिच्यात मोठ्या हौसेने आणलेले हिरवट ऑलिव्ह तेल असेल, तर तो जरा सावकाश वाचावा.

ऑलिव्ह तेल आता आपल्या घरांत परके राहिलेले नाही. कोणाच्या घरी वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो, कोणाच्या तपासणीत कोलेस्टेरॉल अधिक निघालेले असते, कोठे तान्हे बाळ आलेले असते आणि त्याच्या मालिशीसाठी कोणीतरी परदेशातून डबा धाडलेला असतो. शेंगदाणा तेलाच्या कित्येक पट किंमत मोजून ही वस्तू घरात येते, आणि म्हणूनच ती पुरवून पुरवून वापरली जाते. घोटाळा नेमका येथे आहे. जे तेल महिन्याभरात संपले असते ते आठ-दहा महिने टिकविले जाते, आणि एवढा काळ ते सुंदर बाटलीत, सर्वांच्या नजरेसमोर, उजेडात उभे असते. ज्या गुणांसाठी ते आणले त्यांपैकी एक, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्व, या अवधीत थेंबही न सांडता बाटलीतल्या बाटलीत संपत जाते.

तेलाचा विषय निघाला की रेवदंडा आठवणे स्वाभाविक आहे. अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले हे गाव आज पर्यटकांना पोर्तुगीज तटबंदी, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि खाडीपलीकडील कोर्लईचा किल्ला यांमुळे ठाऊक आहे. परंतु या गावात बेने इस्राएल यहुद्यांचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिरही आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज अलिबागजवळच नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून येथे आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी कथा सांगतात. कोकणातील गावोगाव पसरलेल्या या समाजाने जो व्यवसाय धरला, तो तेल गाळण्याचा. शब्बाथ पाळावयाचा म्हणून शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, आणि म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा न जुंपणारे ते ‘सोमवार तेली’. धर्म, पंथ, भाषा असल्या मोठ्या शब्दांत न शिरता केवळ सुट्टीच्या वारावरून शेजाऱ्याची ओळख ठेवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला, आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. १९४८ नंतर यांपैकी बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. आडनावांतील पेणकर, रोहेकर, नवगावकर ही गावे मात्र त्यांनी बरोबर नेली.

यहुदी धर्मशास्त्रात मंदिरातील दीपासाठी ऑलिव्हचे शुद्ध तेल सांगितलेले आहे. पण ऑलिव्हचे झाड कोकणात वाढत नाही. मग शब्बाथच्या दिव्यात काय घालावे? हा प्रश्न कोकणाच्याही फार पूर्वी पडलेला होता. केवळ ऑलिव्ह तेलच चालेल असे म्हटले तर ज्यांच्याजवळ तिळाचे तेलच आहे अशा बाबिलोनच्या लोकांनी काय करावे, असा वाद जुन्या धर्मपंडितांत झाला आणि इतर तेलांनाही मुभा राहिली. कोकणात ती जागा खोबरेल तेलाने घेतली. याच गावात सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, आणि त्यांच्या जहाजांवरील शिध्यात ऑलिव्ह तेल असे. म्हणजे ऑलिव्ह, तीळ आणि खोबरे या तीनही तेलांशी या लहानशा गावाचा संबंध आलेला आहे. आजच्या विषयाला हे फार सोयीचे आहे, कारण उजेडापुढे ही तीन तेले तीन प्रकारे वागतात.

प्रथम ‘ई’ जीवनसत्त्वाविषयी थोडे. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असे आढळले, की विशिष्ट कृत्रिम आहारावर ठेवलेल्या उंदरिणींना गर्भ राहतो, पण टिकत नाही. आणि आहारात हिरवा पाला वा गव्हाचा अंकुर घातला की टिकतो. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘ई’ जीवनसत्त्व म्हणू लागले. रासायनिक नाव पडले टोकोफेरॉल. त्याचा ग्रीक अर्थच ‘अपत्य धारण करणारे’ असा आहे. हे एकच द्रव्य नसून आठ भावंडांचे कुटुंब आहे. त्यांतील अल्फा टोकोफेरॉल आपले शरीर सर्वांत जपून ठेवते. पेशींच्या आवरणात मेद असतो, त्या मेदाला ऑक्सिजनने जाळू नये म्हणून हे जीवनसत्त्व तेथे पहाऱ्यावर बसलेले असते. बियांत आणि फळांत ते वनस्पतीने याच कामासाठी ठेवलेले असते. तिळात, शेंगदाण्यात, ऑलिव्हच्या गरात जो मेद आहे तो खवट होऊ नये, एवढाच त्या वनस्पतीचा हेतू. आपण तेल गाळतो तेव्हा मेदाबरोबर त्याचा पहारेकरीही बाटलीत येतो.

आता हा पहारेकरी उजेडात कसा मरतो, ते पाहू. तेल हवेत ठेवले की ते हळूहळू खवटते, हे आपण सारे जाणतो. हवेतील ऑक्सिजन मेदाम्लांच्या साखळीतील दुहेरी बंधांच्या शेजारी घुसतो, एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवितो, आणि अशी मालिका सुरू होते. टोकोफेरॉल या मालिकेत मध्ये पडते, बिघडलेल्या रेणूला आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन शांत करते आणि स्वतः खर्ची पडते. अंधारात, थंडाव्यात, झाकण घट्ट असलेल्या बाटलीत हे काम अत्यंत संथ चालते.

उजेड पडला की दुसरीच प्रक्रिया सुरू होते, आणि तिची सूत्रे तेलातील हिरव्या रंगाच्या हाती असतात. न शुद्ध केलेल्या, म्हणजे ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ऑलिव्ह तेलाचा हिरवटपणा हरितद्रव्यामुळे आणि त्यापासून झालेल्या फिओफायटिनमुळे असतो. पानात हे हरितद्रव्य प्रकाश शोषून अन्न तयार करते. बाटलीतही ते प्रकाश शोषते, पण येथे ती ऊर्जा कोठे खर्च करावी हे त्याला ठरवून देणारी पानाची यंत्रणा नसते. ती ऊर्जा ते शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकते. अशा चेतविलेल्या ऑक्सिजनला रसायनशास्त्रज्ञ ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ म्हणतात. साधा ऑक्सिजन आणि हा चेतविलेला ऑक्सिजन यांच्या वागण्यात केवढा फरक असावा? बहुतेक खाद्यतेलांत असणाऱ्या लिनोलिक आम्लावर हा चेतविलेला ऑक्सिजन साध्याच्या हजार पटींहून अधिक वेगाने हल्ला करतो. टोकोफेरॉल येथेही धावून येते. त्याचा एक रेणू अशा अनेक चेतविलेल्या रेणूंना शांत करतो; पण दर भेटीत, त्यांच्याशी संयोग होऊन स्वतःच बदलून जाण्याचा थोडा धोका असतोच. दिवसभर, महिनोन्महिने, हीच झटापट चालू राहिली तर काय उरेल, हे सांगावयास नको.

एक गंमतीची गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. हेच हरितद्रव्य अंधारात तेलाचे काहीही बिघडवत नाही. उलट थोडेसे रक्षणच करते. दोष हरितद्रव्याचा म्हणावा की बाटलीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

या प्रक्रियेचा आणखी एक विशेष व्यवहारात फार उपयोगी पडतो. साधे खवटणे उष्णतेने वाढते आणि थंडीने मंदावते. प्रकाशामुळे होणारी हानी मात्र तापमानावर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे वातानुकूलित दुकानातील झगझगीत दिव्यांखाली महिनाभर उभी असलेली बाटली थंड असली तरी सुरक्षित असतेच असे नाही. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषते, आणि दुकानांतील पांढऱ्या दिव्यांत निळा प्रकाश भरपूर असतो. ‘आमच्या बाटलीवर ऊन येत नाही’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ऊन सर्वांत वाईट हे खरे. पण नुसता उजेडही पुरेसा आहे, फक्त त्याला वेळ अधिक लागतो. खिडकीच्या काचेवरही भिस्त ठेवू नये. काच अतिनील किरणांचा एक भाग अडविते, दृश्य प्रकाश मात्र जवळजवळ सारा आत सोडते.

जुन्या काळी हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण तेलासाठी आरपार दिसणारे भांडेच नव्हते. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती जवळजवळ संपूर्णपणे ऑलिव्ह तेलाच्या फुटक्या मातीच्या घड्यांची बनलेली आहे. आपल्याकडे तेल कातड्याच्या बुधल्यांत, चिनी मातीच्या बरण्यांत, पुढे पत्र्याच्या डब्यांत राहिले, आणि घरात त्याची जागा माजघरातील फडताळात किंवा कोनाड्यात असे. ‘ई’ जीवनसत्त्वाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. खिडक्या लहान, घरे काळोखी आणि भांडी अपारदर्शक, एवढ्यावरच तेल निभावून जाई. आता स्वयंपाकघरे उजळ झाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त तेलाला त्या आनंदात सहभागी करून घेऊ नये.

आता त्या तीन तेलांकडे वळू. खोबरेल तेलात ‘ई’ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. १०० ग्रॅममध्ये जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. पण त्याला त्याची गरजही फारशी नाही. त्याच्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के संपृक्त, म्हणजे ज्यांत दुहेरी बंध नाहीत अशी असतात, आणि ऑक्सिजनला घुसावयास जागाच मिळत नाही. रेवदंड्याच्या दमट हवेत पडवीत राहिलेली खोबरेलाची बाटली दिवसेंदिवस चांगली राहते, ती यामुळे. त्याला वास येतो तो बहुधा खोबरे नीट न वाळल्यामुळे, त्यात ओल राहिल्यामुळे वा बुरशी आल्यामुळे. आहार म्हणून संपृक्त मेदाचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते, हा मुद्दा निराळा आणि तो हृदयरोग्यांनी विसरू नये.

तिळाचे तेल याच्या अगदी उलट असावयास हवे होते. त्यात दुहेरी बंध भरपूर, म्हणजे खवटण्यास उत्सुक मेद भरपूर. असे असूनही तिळाचे तेल टिकाऊपणात प्रसिद्ध आहे. टोकोफेरॉलच्या जोडीला त्यात सेसामिन, सेसामोलिन अशी स्वतःची रक्षकद्रव्ये असतात, आणि सेसामोलिनपासून होणारे सेसामोल हे तर खवटपणाला रोखण्यात फारच समर्थ आहे. तिळाला आपल्या औषधी तेलांत पायाचा मान का मिळाला असावा, याचे निदान एक कारण येथे दिसते.

ऑलिव्ह तेल या दोहोंच्या मधले. त्यात मुख्यतः ओलिक आम्ल, ज्यात एकच दुहेरी बंध, त्यामुळे अंधारात ते चांगले टिकते. ‘ई’ जीवनसत्त्व १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम, शिवाय चवीला किंचित कडवट करणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये. पण हरितद्रव्यामुळे उजेडापुढे तिघांत हेच सर्वांत हळवे. युरोपीय संघाने तर ऑलिव्ह तेलाच्या वेष्टनावर ‘प्रकाश आणि उष्णता यांपासून दूर ठेवावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक केले आहे. आपल्या घरच्या बाटलीवर ती बारीक अक्षरांत कोठेतरी असेलच, वाचून पाहावी.

‘लाइट’ या नावाने जे फिक्कट ऑलिव्ह तेल मिळते त्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. त्या शब्दाचा अर्थ रंगाने आणि चवीने सौम्य एवढाच. त्यातील उष्मांक इतर तेलांइतकेच असतात. ते शुद्धीकरणातून गेलेले असल्यामुळे त्यात हरितद्रव्य कमी, म्हणून उजेडाचा धोका काहीसा कमी. पण ज्यासाठी ऑलिव्ह तेलाची कीर्ती झाली ती फिनॉलद्रव्येही त्यातून बहुतांशी निघून गेलेली असतात. तळणासाठी ते आणावयाचे असेल तर मी शेंगदाणा तेलच सुचवीन. ते स्वस्त आहे, त्यातील ‘ई’ जीवनसत्त्वही जवळजवळ तेवढेच, १०० ग्रॅममध्ये सुमारे १६ मिलिग्रॅम.

आता थोडा हिशेब मांडू, म्हणजे काळजीचे प्रमाण ठरेल. प्रौढ माणसास दिवसाला १५ मिलिग्रॅम ‘ई’ जीवनसत्त्व असावे, असे अमेरिकेतील आहारमान सांगते. एक मोठा चमचा ताजे ऑलिव्ह तेल सुमारे २ मिलिग्रॅम देते. सूर्यफुलाच्या तेलात १०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि करडईच्या तेलात ३४ मिलिग्रॅमच्या आसपास असते. दहा बदाम सुमारे ३ मिलिग्रॅम देतात, मूठभर शेंगदाणेही अडीचच्या आसपास. म्हणजे केवळ ‘ई’ जीवनसत्त्वासाठी ऑलिव्ह तेल आणण्याचे कारण नाही. आणि निरोगी माणसास या जीवनसत्त्वाची खरी कमतरता क्वचितच होते. ती होते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, आणि यकृताच्या वा आतड्याच्या ज्या विकारांत मेद पचत नाही अशा रुग्णांना; त्यांच्यात रक्तपेशी फुटणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसतात आणि त्यांचा उपचार वैद्यांच्या हाती असतो.

मग एवढे बाटलीच्या मागे का लागावे? कारण जीवनसत्त्व गेले, म्हणजे पहारा उठला. त्यानंतर तेल फार झपाट्याने बिघडते. प्रथम पेरॉक्साइडे तयार होतात, त्यांना वास नसतो. पुढे ती फुटून अल्डिहाइडे होतात, तेव्हा खवट वास येतो. म्हणजे नाकाला कळते तेव्हा तेलातील चांगले ते केव्हाच निघून गेलेले असते. ज्या घरात हृदयरोगी आहे आणि त्याच्यासाठीच हे तेल आहे, त्या घरात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर झालेला ‘प्रेडिमेड’ हा प्रयोग, ज्याचा आधार ऑलिव्ह तेलाच्या बाजूने वारंवार दिला जातो, त्यात एका गटातील प्रत्येक कुटुंबाला आठवड्याला सुमारे १ लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल दिले जात होते. त्यांना मिळालेला लाभ आठवड्यात संपणाऱ्या तेलाचा आणि त्यासोबतच्या भाज्या, कडधान्ये, मासे यांच्या संपूर्ण आहाराचा होता. आपल्याकडे वर्षभर उजेडात मुरलेल्या तेलाचे चार थेंब कोशिंबिरीवर पडतात, आणि बाकीचा आहार होता तसाच राहतो. त्या दोहोंची तुलना कशी करावी?

‘मग ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळीच घेतो’ असेही कोणी म्हणेल. कृपया वैद्यांनी सांगितल्याविना तसे करू नये. अमेरिकेत पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ या प्रयोगात रोज ४०० एककांची गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. २०११ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना अशा मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचाही धोका संभवतो.

आता तान्ह्या बाळांविषयी. हिवाळ्यात मालिशीचे तेल कोमट व्हावे म्हणून वाटीत किंवा बाटलीत घालून उन्हात ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. खोबरेलाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. ऑलिव्ह तेलाची संपूर्ण बाटली मात्र रोज उन्हात ठेवणे आणि पुन्हा आत घेणे हा ते नासविण्याचा हमखास मार्ग आहे. लागेल तेवढेच तेल वाटीत काढून, ती वाटी गरम पाण्यात धरावी. पण मुळात बाळासाठी ऑलिव्ह तेल हवेच कशाला? २०१३ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या हातांवर ते काही आठवडे लावून पाहिले, तेव्हा त्वचेचा संरक्षक थर सैल झाल्याचे आढळले. उलटपक्षी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात अर्भकांवर खोबरेल तेलाच्या मालिशीचा अभ्यास झाला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खनिज तेलाच्या तुलनेत खोबरेलाने मालिश केलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक चांगले वाढले. कोकणातील आजीबाईंना या अभ्यासाची प्रतीक्षा नव्हती, हे खरे.

याच संदर्भात रंगीत बाटल्यांचाही विचार करावयास हवा. निळ्या, तांबड्या काचेच्या बाटलीत तेल भरून कित्येक दिवस उन्हात ठेवावे आणि ते अंगाला वा केसांना लावावे, अशी सूर्यकिरणचिकित्सेची पद्धत आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. तिच्या औषधी दाव्यांना मला आधार सापडलेला नाही. तरीही कोणास ती पाळावयाचीच असेल, तर खोबरेल तेलाने निदान अपाय होणार नाही. तीळ, करडई, बदाम वा ऑलिव्ह यांचे तेल त्यासाठी वापरू नये, आणि तसे ठेवलेले तेल पोटात तर मुळीच घेऊ नये.

खरेदीच्या वेळी काय पाहावे? पत्र्याचा डबा सर्वांत उत्तम, कारण तो कोणत्याच रंगाचा प्रकाश आत सोडत नाही. काचच हवी असेल तर गडद तपकिरी; हिरवी काच दिसावयास शोभिवंत, पण रक्षण तपकिरीपेक्षा कमी करते. पारदर्शक बाटली खोक्यात मिळत असेल तर ती खोक्यातच ठेवावी. दुकानात फळीवरील पुढची बाटली न घेता हात लांब करून मागची घ्यावी. दुकानदार रागावला तर रागावो. तारीख पाहताना ‘केव्हापर्यंत उत्तम’ यापेक्षा केव्हा भरले वा केव्हा गाळले, ते पाहावे. आणि घर लहान असेल तर लहान डबा आणावा. पाच लिटरच्या डब्यात वाचलेले पैसे डबा अर्धा झाल्यानंतरच्या महिन्यांत फिटतात, कारण रिकाम्या जागेत हवा भरलेली असते.

घरात मोठ्या डब्यातून रोजच्यासाठी लहान भांड्यात तेल काढावे. ते स्टीलचे वा चिनी मातीचे असावे. तांब्याचे किंवा कल्हई गेलेले पितळेचे भांडे तेलासाठी वापरू नये. तांबे आणि लोखंड यांचे सूक्ष्म कण खवटण्याच्या क्रियेला फार वेग देतात. जुन्या तेलाच्या तळाशी नवे ओतू नये, कारण बिघडलेले थोडे तेल चांगल्या तेलालाही ओढून नेते. भांडे रिकामे झाले की धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच भरावे. किनाऱ्यावरच्या हवेत त्याला वेळ लागतो, तो द्यावा. शीतकपाटात ऑलिव्ह तेल गोठते, त्याने बिघाड होत नाही; मात्र गोठले म्हणजे ते शुद्ध, ही परीक्षा खोटी आहे. रोजच्या वापरासाठी बंद कपाट पुरेसे होते.

सुट्टीत किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांत किंवा समाजमाध्यमांवरील चित्रांत, खिडकीच्या कट्ट्यावर लसणाच्या पाकळ्या आणि मिरच्या घातलेली ऑलिव्ह तेलाची बाटली मांडलेली दिसते. शोभेची वस्तू म्हणून तिला माझी हरकत नाही. खाण्यासाठी मात्र ती वापरू नये. उजेडाने तेल बिघडते ते एक, आणि तेलाखाली हवा न लागता बुडालेल्या कच्च्या लसणात बॉट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते ते दुसरे. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणाने अनेकांना हीच बाधा झाली होती. तेलात लसूण हवी असेल तर आपली फोडणी आहेच. ती करावी आणि त्याच जेवणात संपवावी.

घरातील तेल चांगले आहे की नाही, हे कसे ओळखावे? हिरवट तेलाचा रंग काही आठवड्यांत पिवळा पडू लागला, तर हरितद्रव्य उजेडात विटले आहे, असे समजावे. टोकोफेरॉलही त्याच मार्गाने गेलेले असणार. मग थोडे तेल वाटीत घेऊन तळहाताने झाकावे, क्षणभर ऊब लागू द्यावी आणि वास घ्यावा. ताज्या तेलाला कच्च्या फळाचा, गवताचा वास येतो, आणि घशात किंचित ठसका बसतो. जुन्या शेंगदाण्याचा, मुलांच्या मेणाच्या रंगखडूचा वा खवट खोबऱ्याचा वास आला तर ते खाऊ नये, बाळाच्या अंगालाही लावू नये. असे तेल मोरीत ओतल्यास नळी तुंबते, म्हणून ते तेथेही ओतू नये. अंगणातल्या पणतीला ते चालते. वात जरा बारीक घ्यावी, म्हणजे धूर कमी होतो.